मनगटातला बोगदा

सतरंजीवर मांडी घालून तुम्ही बराच वेळ भाषण ऐकत बसला आहात. भाषण संपते, टाळ्या होतात, तुम्ही उठू लागता आणि पाहता तो काय, एक पाय जागेवर नाहीच! जमिनीवर टेकवला तरी टेकल्याचे कळत नाही. मग हळूहळू त्यात मुंग्या येऊ लागतात, टाचण्या टोचल्यासारखे वाटते. तुम्ही पाय झटकता, चार पावले लंगडत चालता आणि दोन-तीन मिनिटांत सारे पूर्ववत होते.

हे असे का होते, असे विचारले तर बहुतेक जण सांगतात, “पायाचे रक्त थांबले होते.” हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. पायाचे रक्त सहसा थांबत नाही. तसे असते तर पाय पांढराफटक आणि गार पडला असता. दाब पडलेला असतो तो पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर. मज्जातंतू म्हणजे नुसती तार नव्हे. तो जिवंत आहे, आणि त्यालाही बारीक बारीक रक्तवाहिन्यांतून प्राणवायू लागतो. दाबामुळे त्या वाहिन्या अडल्या की मज्जातंतूचे काम बंद पडते. मेंदूला पायाची खबर मिळेनाशी होते. दाब निघाल्यावर मज्जातंतू जागा होतो, पण जागा होताना काही वेळ वेडेवाकडे संदेश पाठवतो. त्या संदेशांनाच आपण ‘मुंग्या’ म्हणतो.

आता अशी कल्पना करा की, हाच प्रकार पायाऐवजी हातात होतो आहे. भाषणाच्या दिवशी नव्हे, तर रोज रात्री. दोन-अडीच वाजता बोटांच्या ठणक्याने जाग येते. हात लाकडासारखा वाटतो. झटकला, पलंगाखाली लोंबता सोडला की बरे वाटते आणि पुन्हा झोप लागते. काही महिन्यांनी दिवसाही बोटे बधिर होऊ लागतात. सुईत दोरा ओवता येत नाही, झंपराचे हूक लागत नाहीत, हातातली कपबशी निसटते. घरातले म्हणतात, “वात झाला असेल, तेल लाव.” तेल लावून वात गेला नाही, तर म्हणतात, “वयच झाले आता.”

अशी तक्रार करणारे कोणीतरी तुमच्या घरात, शेजारी किंवा शाळेच्या शिक्षकवर्गात असण्याचा बराच संभव आहे. या विकाराला वैद्यकात ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. कार्पस म्हणजे मनगट, टनेल म्हणजे बोगदा आणि सिंड्रोम म्हणजे एकत्र आढळणाऱ्या लक्षणांचा समूह. मनगटात बोगदा कुठून आला? तो प्रत्येकाच्याच मनगटात आहे, तुमच्याही. चला, तो शोधू या.

बोटे कोण हलवते?

डाव्या हाताने उजव्या हाताची कोपराखालची बाजू पकडा आणि उजव्या हाताची बोटे पेटी वाजवल्यासारखी हलवा. पकडलेल्या भागात काय जाणवते? कातडीखाली काहीतरी सरकते, फुगते, आक्रसते. बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. तेथून त्यांच्या चिवट, गुळगुळीत दोऱ्या बोटांपर्यंत गेलेल्या असतात. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात सूत्रधार पडद्याआड असतो आणि बाहुली पुढे नाचते, तसाच हा प्रकार आहे. ही योजना फार सोयीची आहे. सगळे स्नायू बोटांतच भरले असते तर बोटे केळ्यांसारखी जाड झाली असती, आणि मग लेखणी धरायची कशी?

पण या योजनेला एक अट आहे. सगळ्या दोऱ्या मनगटातून जायला हव्यात. मनगट वाकले तरी त्या धनुष्याच्या दोरीसारख्या बाहेर ताणल्या जाता कामा नयेत. त्यासाठी निसर्गाने बोगद्याची रचना केली आहे.

मनगटात आठ लहान हाडे आहेत. चार-चारच्या दोन रांगांत ती बसवलेली आहेत. ती सपाट मांडलेली नसून पन्हळीसारखी मधे खोल आहेत. पन्हळीचे तोंड तळहाताकडे आहे. या पन्हळीवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक जाड, चिवट पट्टा ताणून बसवलेला आहे. त्याला आपण आडवा बंध म्हणू. तळाला आणि बाजूंना हाडे, वर आडवा बंध: झाला बोगदा तयार! हाडे हलत नाहीत आणि बंध रबरासारखा ताणला जात नाही. म्हणजे हा बोगदा खंडाळ्याच्या घाटातल्या बोगद्याइतकाच ताठर आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

बोगद्याची जागा नेमकी कोठे? घड्याळाचा पट्टा बांधतो तेथे, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. मनगटावर आडव्या रेघा दिसतात ना? त्यांतली तळहाताला सर्वांत जवळची रेघ म्हणजे बोगद्याचे तोंड. तेथून तो तळहाताच्या बुडात तीन-चार सेंटिमीटर आत जातो. रेघेच्या करंगळीकडच्या टोकाला दाबून पाहा. वाटाण्याएवढे एक टणक हाड लागेल. त्याचे शास्त्रीय नावही ‘वाटाण्याच्या आकाराचे’ अशाच अर्थाचे आहे. आडव्या बंधाचे एक टोक तेथे अडकवलेले आहे.

एका बोगद्यात दहा प्रवासी

आता प्रवासी मोजू. तर्जनी ते करंगळी या चार बोटांना प्रत्येकी दोन कंडरा, म्हणजे आठ. अंगठ्याची एक. एकूण नऊ. दहावा प्रवासी म्हणजे एक मज्जातंतू. तळहाताच्या मधोमध शिरतो म्हणून त्याला मध्य मज्जातंतू म्हणू. नऊ कंडरा चिवट आहेत. त्यांच्याभोवती निसरडे अस्तर असते, त्यामुळे त्या न घासता सरकतात. दहावा प्रवासी मात्र मऊ आहे आणि तो छताला, म्हणजे आडव्या बंधाला लागून बसलेला आहे. गच्च भरलेल्या एसटीत दाराशी उभ्या असलेल्या लहान मुलाची जी स्थिती होते, तीच त्याची.

समजा, काही कारणाने कंडरांभोवतीचे अस्तर सुजले. बोगदा तर फुगू शकत नाही. मग दाब वाढतो. आणि दाब वाढला की सर्वांत मऊ प्रवासी चेपला जातो.

येथे एक गोष्ट करून पाहा. अंगठ्याचे व करंगळीचे टोक एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल. ही बोगद्यातली कंडरा असे समजू नका. ही एकटीच छतावरून जाते. काही जणांच्या हातात ती जन्मतःच नसते आणि तिच्यावाचून त्यांचे काही अडत नाही. तुमच्या वर्गात किती जणांना ती आहे आणि किती जणांना नाही, याची नोंद करा. मध्य मज्जातंतू साधारण याच दोरीखाली, पण छताच्या आत असतो.

बोटांचा नकाशा

मध्य मज्जातंतू कोणती कामे करतो? तळहाताच्या बाजूने अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांच्या स्पर्शाची खबर तो मेंदूला देतो. अनामिकेचा अर्धाच भाग, तोही मधल्या बोटाकडचा! उरलेला अर्धा भाग आणि करंगळी दुसऱ्या मज्जातंतूच्या ताब्यात आहेत. तो कोपराच्या हाडामागून येतो. कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या त्याच्याच. हा दुसरा मज्जातंतू बोगद्यातून जात नाही.

याखेरीज अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यातील बहुतेक स्नायू मध्य मज्जातंतूच्या हुकमतीखाली आहेत. अंगठा वळून इतर बोटांसमोर येतो तो यांच्यामुळे. चिमूट धरणे, गुंडी लावणे, लेखणी पेलणे ही कामे त्यांच्यावाचून होत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. तळहाताच्या मधल्या भागाच्या व अंगठ्याच्या उंचवट्यावरच्या कातडीकडे जाणारी मध्य मज्जातंतूची फांदी बोगद्यात शिरण्यापूर्वीच वेगळी होते आणि छतावरून जाते. म्हणजे बोगद्यात कितीही चेंगराचेंगरी झाली तरी तिला धक्का लागत नाही.

आता तुम्ही गुप्तहेर व्हा. एका रुग्णाची पहिली तीन बोटे बधिर आहेत, करंगळी ठीक आहे. अनामिकेवर टाचणीचे टोक हलकेच टेकवत गेले तर एक बाजू बधिर, दुसरी शाबूत. तळहाताची कातडी शाबूत. दोष कोठे आहे? मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांत असता तर अनामिकेची अशी मधोमध वाटणी झाली नसती. कोपरापाशी किंवा दंडात असता तर तळहाताची फांदीही बिघडली असती. ज्या जागी ती फांदी वेगळी झाली आहे, त्याच्या पुढेच कोठेतरी बिघाड असला पाहिजे. म्हणजेच बोगद्यात! क्ष-किरण नको, यंत्र नको. नुसत्या एका टाचणीने आणि शरीररचनेच्या ज्ञानाने दोषाची जागा सापडते.

शास्त्रज्ञांना पडलेला चकवा

हे आज इतके सरळ वाटते, पण वैद्यकाला ते उमगायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. इंग्लंडचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८५४ साली मनगटाला इजा झाल्यानंतर मध्य मज्जातंतू दाबला गेल्याचे वर्णन केले. १८८० साली अमेरिकेतील बॉस्टनचे डॉक्टर जेम्स पटनम यांनी रात्री हाताला मुंग्या येणाऱ्या ३७ रुग्णांची हकीकत लिहिली. पण पॅजेट यांचे रुग्ण इजा झालेले, पटनम यांचे इजा न झालेले. दोन्हींचे मूळ एकच असेल, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. रक्तवाहिन्या आकुंचन पावत असाव्यात, असा पटनम यांचा तर्क होता.

१९१३ साली फ्रान्समध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी एका ८० वर्षांच्या मृत रुग्णाचे हात तपासले. दोन्ही अंगठ्यांचे उंचवटे झिजून गेले होते. आत पाहिले तर मध्य मज्जातंतू आडव्या बंधाच्या अलीकडे गाठीसारखा फुगलेला आणि बंधाखाली बारीक झालेला आढळला. दोष वेळीच ओळखला तर हा बंध कापून रुग्ण वाचवता येईल, असेही त्यांनी सुचवले. किती स्पष्ट पुरावा! तरीही त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. कित्येक डॉक्टर दोष मानेपाशीच शोधत राहिले. काही माणसांच्या मानेत एक जादा बरगडी असते. ती मज्जातंतूंना दाबत असेल, असे समजून ती कापून टाकण्याची शस्त्रक्रिया होई.

त्यांची चूक समजण्यासारखी होती. या विकारात ठणका पुष्कळदा मनगटावरून वर कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंतही चढतो. जेथे दुखते तेथेच दोष असला पाहिजे, असे मनाला वाटते. मज्जातंतूंच्या बाबतीत मात्र हे गृहीत धरता येत नाही.

१९४७ साली इंग्लंडमध्ये रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आडवा बंध कापून बरे केलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलन यांनी १९५० पासून हा विषय लावून धरला. १९६६ साली त्यांनी ६५४ हातांचा, १७ वर्षांचा अनुभव मांडला. तेव्हा कोठे हा विकार किती सर्रास आढळतो, हे साऱ्या जगाला पटले.

दाब मोजला तेव्हा

बोगद्यात दाब वाढतो म्हणतात, पण तो मोजला कोणी? १९८१ साली अमेरिकेत रिचर्ड गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी बोगद्यात बारीक नळी घालून तो मोजला. रक्तदाब मोजतात त्याच मापात, म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये, आलेले सरासरी आकडे असे:

निरोगी माणसे, मनगट सरळ: २.५
निरोगी माणसे, मनगट पूर्ण वाकवलेले: ३१
रुग्ण, मनगट सरळ: ३२
रुग्ण, मनगट पूर्ण वाकवलेले: ९४
रुग्ण, मनगट पूर्ण मागे वळवलेले: ११०

हे आकडे नीट पाहा. निरोगी माणसाचा दाब मनगट वाकवल्यावर जितका होतो, जवळजवळ तितका रुग्णाच्या बोगद्यात मनगट सरळ असतानाही असतो. म्हणजे रुग्णाच्या मज्जातंतूला विसावा असा नाहीच.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “रोहिणीतला रक्तदाब तर १२० आणि ८० च्या घरात असतो. मग ३२ च्या दाबाने रक्त अडेल कसे?” प्रश्न बिनतोड आहे. उत्तर असे की, आत येणारे रक्त अडत नाही, बाहेर जाणारे अडते. बारीक नीलांमधला दाब फार कमी असतो, त्यामुळे त्या आधी मिटतात. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी अवस्था होते. मज्जातंतूत द्रव साचतो, तो सुजतो, सुजल्यामुळे दाब आणखी वाढतो, दाबामुळे आणखी द्रव साचतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबणे कठीण.

रात्रीच त्रास का, याचेही उत्तर या आकड्यांत आहे. झोपेत आपण हात गालाखाली किंवा उशीखाली घेतो आणि मनगट वाकवून ठेवतो, तेही तासन् तास. शिवाय दिवसभर पायांकडे उतरलेला शरीरातला द्रव आडवे झाल्यावर हातांकडेही पसरतो. हात झटकल्यावर बरे वाटते, कारण मनगट सरळ होते आणि साचलेला द्रव हलतो.

कोणाला होतो?

हा विकार स्त्रियांत पुरुषांपेक्षा सुमारे तिपटीने आढळतो, आणि चाळिशी ते साठीच्या दरम्यान अधिक. गरोदरपणी अंगात द्रव साठल्यामुळे शेवटच्या महिन्यांत तो होऊ शकतो आणि बाळंतपणानंतर बहुधा जातो. मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, सांधे सुजवणारा आमवात, लठ्ठपणा, मनगटाचे जुने अस्थिभंग हीही कारणे आहेत. म्हणून डॉक्टर मनगटाच्या तक्रारीसाठी कधी कधी रक्त तपासायला सांगतात, त्यात नवल नाही.

कामाचा संबंध आहे का? जोर लावून तीच ती हालचाल दिवसभर करावी लागणारी कामे आणि हादरे देणारी हत्यारे, उदाहरणार्थ दगड फोडण्याचे यंत्र, यांचा संबंध चांगला सिद्ध झाला आहे. संगणकाच्या कळफलकावर मात्र जितका ठपका ठेवतात तितका पुरावा त्याच्याविरुद्ध नाही. पुष्कळदा तर कोणतेच एक कारण सापडत नाही. काहींचा बोगदा जन्मतःच अरुंद असतो.

खात्री कशी करतात?

फेलन यांची परीक्षा अगदी सोपी आहे. रुग्णाने दोन्ही मनगटे पूर्ण वाकवून मिनिटभर धरायची. तेवढ्यात पहिल्या तीन बोटांना मुंग्या आल्या तर संशय बळावतो. दुसऱ्या परीक्षेत बोगद्यावर बोटाने टकटक करतात. मज्जातंतू दुखावलेला असेल तर बोटांत झिणझिण्या उठतात. ही खूण फ्रान्सचे ज्यूल तिनेल यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १९१५ साली, पहिल्या महायुद्धात मज्जातंतूंच्या जखमा झालेल्या सैनिकांवरून तिचे वर्णन केले होते. या दोन्ही परीक्षा शंभर टक्के खात्रीच्या नाहीत, म्हणून वर्गात करून कोणाला रुग्ण ठरवू नका!

शंका राहिली तर मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजतात. निरोगी माणसात हा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर असतो. समजा, बोटापासून मनगटापर्यंतचे अंतर १४ सेंटिमीटर आहे. संदेशाला लागणारा वेळ ०.१४ ÷ ५० = ०.००२८ सेकंद. रुग्णात हाच वेळ ०.००४ सेकंद आला तर वेग किती झाला? सेकंदाला ३५ मीटर. मज्जातंतूभोवती मेदाचे वेष्टन असते. दाबाने ते खराब झाले की संदेश असा रेंगाळतो. १९५६ साली जे. ए. सिम्प्सन यांनी या विकारात मनगटाशी संदेश मंदावतो, हे दाखवून दिले.

येथे अनामिका पुन्हा कामाला येते. तिच्यातून मनगटाकडे दोन मज्जातंतूंच्या दोन वाटा जातात, एक बोगद्यातून आणि एक बाहेरून. बोट तेच, अंतर तेच, हवामान तेच. एका वाटेने उशीर आणि दुसऱ्या वाटेने वेळेवर, असे दिसले की दोष बोगद्यातच! प्रयोगशाळेत आपण तुलनेसाठी दुसरी परीक्षानळी ठेवतो ना? येथे निसर्गाने ती एकाच बोटात ठेवली आहे.

उपचार

सुरुवातीला उपाय सोपा आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बांधून झोपायचे. मनगट वाकवले तरी दाब वाढतो आणि मागे वळवले तरी वाढतो, हे आपण पाहिलेच. म्हणून ते सरळच हवे. पट्टी काही आठवडे नियमाने वापरली तर सौम्य विकारात चांगला आराम पडतो. मधुमेह, थायरॉइड यांसारखा मूळ विकार असेल तर त्यावर उपचार करावेच लागतात. एवढ्याने भागले नाही तर बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने सूज उतरते, आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो, पण त्रास पुन्हा उद्भवू शकतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या किंवा ब६ जीवनसत्त्व यांनी हा विकार हटतो, असे सिद्ध झालेले नाही.

बोटे सतत बधिर राहू लागली किंवा अंगठ्याचा उंचवटा झिजू लागला, तर शस्त्रक्रिया लांबवू नये. ती बहुधा नुसत्या हातापुरती भूल देऊन करतात आणि थोड्याच मिनिटांत उरकते. तळहातातून आडवा बंध उभा छेदतात, बस्स! छत उघडते, दाब उतरतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छेद घेऊनही हे करता येऊ लागले आहे. कापलेल्या बंधाचे पुढे काय होते? दोन काठांमधली फट नव्या तंतूंनी भरून येते. बंध पुन्हा एकसंध होतो, पण पूर्वीपेक्षा लांब. म्हणजे बोगदा कायमचा ऐसपैस होतो. मुठीचा जोर मात्र काही आठवडे ते काही महिने कमी राहतो आणि तळहाताच्या बुडाशी दुखते, हे रुग्णाला आधी सांगितलेले बरे.

रात्रीचा ठणका पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच जातो. बधिरपणा जायला वेळ लागतो आणि तो किती जाईल हे एकाच गोष्टीवर ठरते: उपचाराला किती उशीर झाला? नुसता रक्तपुरवठा अडला असेल तर सुधारणा लगेच. वेष्टन खराब झाले असेल तर काही आठवडे-महिने. पण आतला तंतूच मेला असेल, तर तो मनगटापासून पुन्हा वाढावा लागतो, आणि त्याची वाढ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर! मनगटापासून बोटाचे टोक १८ सेंटिमीटर धरले तर किती दिवस? १८०, म्हणजे सहा महिने. आणि स्नायू फार दिवस हुकमावाचून राहिला, तर मज्जातंतू परत आला तरी तो जागा होत नाही. झिजलेला उंचवटा पुष्कळदा भरून येत नाही.

तुम्ही काय करू शकता?

औषध देणे हे तुमचे काम नव्हे. पण विचारणे आणि पाहणे तुम्ही करू शकता. घरात कोणी हाताला मुंग्या येतात म्हणत असेल तर चार प्रश्न विचारा. रात्री जाग येते का? हात झटकल्यावर बरे वाटते का? नेमकी कोणती बोटे? करंगळी त्यात आहे की नाही? लोक घाईने ‘सगळा हात’ म्हणतात, म्हणून एकेका बोटाला स्पर्श करून विचारा. मग दोन्ही अंगठ्यांचे उंचवटे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक सपाट दिसतो का? उत्तरे कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचेल.

उत्तरे नकाशाशी जुळली नाहीत तर तेही महत्त्वाचे आहे. करंगळी बधिर असेल, अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायला हवी. हा रोगही मज्जातंतूंवर हल्ला करतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते आणि वेळीच घेतले तर रोग पूर्ण बरा होतो. दोन्ही पायांचे तळवेही बधिर असतील तर मधुमेहाचा विचार करावा लागतो. आणि हात एकाएकी लुळा पडला, बरोबर तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो बोगद्याचा विकार नव्हे. तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठायचे.

बधिर बोटाचा आणखी एक धोका आहे. त्याला चटका कळत नाही. अशा हाताने तव्यावरची भाकरी उलटताना, उकळते पातेले उतरवताना भाजते आणि भाजल्याचे नंतर दिसते. तोवर पातेले उतरवायला तुम्ही पुढे झालात, तर तोही उपचाराचाच भाग समजा.